हत्तीखान्याचा वाटा

हत्तीखाना कुणालाच नको होता, एवढ्या एका गोष्टीवर इनामदारांच्या घरात पहिल्यापासून एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

तात्यांचं वर्षश्राद्ध उरकलं, पाहुणे पांगले आणि पळसखिंडीच्या आवारात त्यांची तिघं मुलं उरली. वाटून घ्यायला वाडा नव्हताच. इनामं जाणार अशी कुणकुण लागल्यावर तात्यांच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, तो शाळेला देऊन टाकला होता. शाळेनं तो पाडून स्लॅबची इमारत बांधली आणि दर्शनी भिंतीवर आबासाहेबांचं नाव कोरलं. कोरताना एक काना राहून गेला. तेव्हापासून इनामदारांकडे राहिल्या त्या वाड्यामागच्या इमारती: घोड्यांची पागा, धान्याचा अंबारखाना, गाडीखाना आणि हत्तीखाना. माणसांची जागा गेली आणि जनावरांची राहिली. पण बांधकाम असं होतं, की कोरेगावातल्या नव्या बंगल्यांना तडे गेले तरी पागेचा एक खांब कलला नव्हता. काळा घडीव दगड, चुना आणि दोन हात जाडीच्या भिंती.

थोरला वीरधवल पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन साताऱ्यात भाड्याच्या बंगल्यात राहत होता. धाकटा बाळासो शेती बघत होता आणि लग्न झाल्यापासून गाडीखान्यातच नांदत होता. मधली पद्मा, सांगलीला विश्रामबागेत मुलाकडे. ह्या इमारतींची घरं करायची ही कल्पना वीरधवलच्या मुलीची, वल्लरीची. ती आर्किटेक्ट होती. तिनं सकाळीच पागेत फक्की मारून जमिनीवर पांढऱ्या रेषांनी घरं काढली आणि सगळ्यांना सांगितलं, की कागदावर कळत नाही, आपापल्या खोलीत उभं राहून बघा.

म्हणून वीरधवल आपल्या झोपायच्या खोलीत, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या घोड्याच्या मधोमध, हात मागं बांधून उभा होता. बाळासो स्वयंपाकघरात उभा होता. अडचण एवढीच, की ते स्वयंपाकघर वीरधवलच्या घरातलं होतं आणि बाळासोला ते आपलं वाटत होतं.

पागा दोघांनाही हवी होती. वीरधवलला स्वतःसाठी, अंबारखाना तो वल्लरीला देणार होता. बाळासोला ती पृथ्वीराजसाठी, त्याच्या मुलासाठी, हवी होती. पृथ्वीराजला विट्याकडची मुलगी सांगून आली होती. मुलीच्या मामानं मुलगा राहतो कुठं म्हणून विचारलं, बाळासोनं गाडीखान्यात म्हणून खरं ते सांगितलं, आणि त्यानंतर मामाचा फोन आला नव्हता. पागेत राहतो म्हटलं तर बरं दिसेल, असं बाळासोचं म्हणणं. गाड्यांच्या जागेपेक्षा घोड्यांची जागा बरी कशी, असं वीरधवलनं विचारलं. मग तू का मागतोस, असं बाळासोनं विचारलं. त्यानंतर दोघं वल्लरीमार्फत बोलू लागले.

पागेचं एक टोक मागल्या पावसाळ्यात ढासळलं होतं. ते उभं करायला तसाच घडीव दगड हवा होता, आणि तसला दगड आता मिळत नाही. तो फक्त हत्तीखान्यात होता. तेव्हा हत्तीखाना पाडायचा आणि त्याच्या दगडानं पागा पुरी करायची, हे आराखड्यात बसून गेलं. पागेचं दुसरं टोक धड होतं, पण तिथल्या दोन खणांत कुतुबुद्दीन राहत होता. त्याचा आजा इनामदारांच्या घोड्यांना नाल ठोकायचा, बाप बैलांना. तो स्वतः ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग करायचा. त्याला रस्त्याकडेला मोकळी जागा द्यायची आणि खण मोकळे करून घ्यायचे, यावरही दोघा भावांचं जमलं. फक्त त्याला सांगायचं कुणी, ते ठरत नव्हतं.

पद्मा एका खांबाला टेकून उभी होती. तिला उभं राहायला खोली नव्हती. वल्लरीनं बापाला विचारलं होतं, आत्याचं काय म्हणून. वीरधवल म्हणाला होता, तिला वेगळं कशाला, ती येईल तेव्हा सगळीच घरं तिची. सगळी घरं जिची असतात तिला एकही नसतं, हे पद्माला एकसष्टाव्या वर्षी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिची गरज होती ती सहीपुरती. कायद्यानं मुलींची नावं लागतात म्हणून तात्यांच्या माघारी तिचंही नाव लागलं होतं, आणि ती हक्क सोडत नाही तोवर कुणालाही कशाला हात लावता येत नव्हता. सही करायलाच ती आली होती. सांगलीहून निघताना मुलानं, वरदनं, एसटीत बसवून दिलं, कधी परत येणार विचारलं, आणि ती म्हणाली होती, सही झाली की येते.

अकराच्या सुमाराला वीरधवलनं तिला अंबारखान्यात नेलं. आत गारवा होता. जुन्या जोंधळ्याचा वास अजून भिंतींत होता. त्यानं तिला सांगितलं, की बाळासो भोळा आहे, पृथ्वीराजच्या नावानं पागा घेईल आणि त्यात कांदा भरेल. तेव्हा हक्कसोड दोघांच्या नावानं न करता थोरल्याच्या नावानं करावी. पद्मासाठी तो वर्षातून दोनदा गाडी पाठवील. दिवाळीला आणि आंब्यांच्या दिवसांत.

पाठोपाठ बाळासोची बायको शालन चहा घेऊन आली. तिला हे सांगायचं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं, पण नवऱ्यानं पाठवलं होतं म्हणून तिनं सांगितलं. थोरले भाऊजी साताऱ्याचं सोडणार नाहीत, पागा घेतील आणि कुलूप लावतील. तेव्हा वन्संनी सही धाकट्याच्या नावानं करावी. साडीचोळी तर करूच, शिवाय दरसाल गुळाची ढेप.

पद्मानं दोघांचंही ऐकून घेतलं. चहा चांगला होता असं शालनला सांगितलं. मग जरा पाय मोकळे करून येते म्हणून निघाली. बोलायला कुणी नसेल अशी आवारात एकच जागा होती.

हत्तीखान्यात बाळासोनं कडबा रचला होता. पद्मानं हत्तीण बघितली नव्हती. पद्मा जन्मायच्या आधीच ती गेली होती. तिचं नाव भागीरथी. आबासाहेबांनी ती म्हैसूरकडून आणली होती, आणि त्यानंतर पळसखिंडीच्या चारी बाजूंच्या गावांतला ऊस ती आपलाच समजायची. इनामं गेली त्याच वर्षी भागीरथीही गेली. आबासाहेबांना कशाचं दुःख जास्त झालं ते घरात कुणी विचारलं नाही.

आत गेल्यावर पद्माला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की डोक्यावर काहीच नाही. छप्पर होतं, पण फार वर. तिथून झरोक्यांचा उजेड तिरपा खाली उतरत होता. भिंतीला हाताच्या मनगटाएवढी जाड लोखंडी कडी होती. एका बाजूला, तिच्या डोक्याच्या उंचीवर, दगड लांबच्या लांब गुळगुळीत झाला होता. भागीरथी तिथं अंग घासत असणार. पद्मानं त्यावर हात ठेवला. मग ती कडब्याच्या एका पेंढीवर बसली, आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण पाय पसरून बसलो आहोत.

विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये तिची कॉट हॉलमध्ये होती. वरद चांगला होता, सून अपूर्वा चांगली होती, नातू अनीशही चांगला होता. तिला कधी कुणी उलट बोललं नव्हतं. पण हॉल म्हणजे वाट. दूधवाला, धुणीवाली, अनीशचे मित्र, रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूस, सगळे तिच्या पायाशी होऊन जात. लुगडं बदलायला ती बाथरूममध्ये जाई. दुपारी डोळा लागला, की येताजाता कुणीतरी तिच्या पायांवर पांघरूण घालून जाई, आणि पांघरूण घातल्याबद्दल तक्रार करता येत नाही. त्याआधी, नवरा होता तेव्हा, सासरच्या घरात तिची खोली माजघरातून देवघराकडे जाण्याच्या वाटेवर होती. सासरे पहाटे पूजेला त्या खोलीतूनच जात. माहेरी तर ती आजीच्या अंथरुणावर वाढली. जिच्यातून कुणालाच पुढं कुठं जायचं नाही, अशा खोलीत ती जन्मात कधी झोपली नव्हती.

हत्तीखान्याला वाट एकच होती. आत यायची. पुढं भिंत होती.

पद्मा बराच वेळ तिथं बसली. उठली तेव्हा तिचं ठरलं होतं, आणि त्याची तिला स्वतःलाच थोडी भीती वाटत होती. भावांना सांगण्याआधी तिला आणखी एक काम उरकायचं होतं. ते कुणीच करणार नव्हतं म्हणून ते तिच्याकडे आलं होतं.

कुतुबुद्दीनची बायको आबेदा दारात बसून शेवग्याचा पाला निवडत होती. दोघी एका वयाच्या. आबेदा लग्न होऊन ह्या खणांत आली तेव्हा पद्माचं लग्न व्हायचं होतं, आणि त्या मधल्या वर्षात पळसखिंडीत दोघींनाही दुसरी मैत्रीण नव्हती. पद्मा तिच्या शेजारी बसली आणि पाल्याची एक काडी उचलून तीही निवडू लागली.

"आबेदा, तुम्हाला इथून हलवायचं चाललंय," ती म्हणाली. "दोघा भावांचंही. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते."

"सांगितलं न्हाई," आबेदा म्हणाली. "पर तुझा थोरला भाऊ परवा टेप घिऊन आमच्या चुलीपाशी माप घेत हुता. मी म्हनलं, दादासाब, चूल तापल्याली हाय, जरा जपून."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? आमी चाललोय गं. आमच्या अजहरनं उंब्रजला टायरच्या दुकानावर दोन खोल्या काढल्यात. कवाच्या बांधून झाल्यात."

पद्माच्या हातातला पाला तसाच राहिला. मग इतके दिवस का थांबलात, असं तिनं विचारलं. त्यावर आबेदानं जे सांगितलं ते तिनं अगदी सहज, पाला निवडता निवडता सांगितलं. कुतुबुद्दीनचं म्हणणं असं, की तात्या गेले आणि लगोलग आपण उठलो, तर गावाला वाटेल इनामदारांच्या पोरांनी हाकललं. वर्ष होऊ दे, मग जाऊ. तसं वर्ष झालं होतं.

आपल्या भावांची अब्रू राखायला हा माणूस वर्षभर थांबला, आणि त्याच वर्षात भाऊ त्याच्या चुलीची मापं घेत होते, हे पद्माच्या मनात आलं. पण ते तिथंच राहिलं, कारण त्यामागून दुसरंच काहीतरी आलं. हत्तीखान्यात बसल्या बसल्या तिनं मनात जे घर मांडलं होतं, त्यात आबेदा शेजारी होती. घर अजून मिळालं नव्हतं आणि शेजार गेला होता.

आबेदानं तिच्याकडे बघितलं. "तुला काय झालं? तू तर सांगलीला."

पद्मानं तिला हत्तीखान्याचं सांगितलं. कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होती, त्यामुळे वाक्य नीट लागलं नाही. आबेदा हसली नाही.

"पावसाचं पाणी आत येतं का बघ," ती म्हणाली. "बाकी लय चांगली जागा हाय."

जेवणं झाल्यावर सगळे गाडीखान्याच्या ओसरीवर बसले. वीरधवलनं वकिलाकडून आणलेला कागद सतरंजीवर ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. सही कुणाच्या नावानं, ती जागा कोरी होती. दोघा भावांनी पद्माकडे बघितलं.

"मी हत्तीखाना घेते," पद्मा म्हणाली.

वीरधवलला वाटलं, ती दगडाबद्दल बोलतेय. तो समजुतीनं म्हणाला, की दगड पागेलाच पुरायचा नाही.

"दगड नाही. उभा हत्तीखाना. मी तिथं राहणार."

बाळासो कानामागं खाजवत बसला. मग वीरधवलनं तिला विचारलं, की हे तिला कुणी शिकवलं, आणि तिनं कुणीच नाही म्हटल्यावर त्याला ते खोटं वाटलं.

"लोक काय म्हणतील?" तो म्हणाला. "इनामदारांनी सख्खी बहीण हत्तीखान्यात ठेवली."

"आणि काहीच दिलं नाही तर काय म्हणतील?"

"तेव्हा कुणी काही म्हणत नाही. तशी रीतच आहे."

हे त्यानं मनापासून सांगितलं. सकाळपासून एकमेकांशी न बोललेले दोघे भाऊ इथून पुढं एका बाजूला आले. पद्माला त्याचा आनंदच झाला असता, जर ती बाजू तिच्या समोरची नसती. वीरधवलनं दगडाचा हिशेब मांडला, बाळासोनं त्याला दुजोरा दिला. बाळासोनं कडब्याचा प्रश्न काढला, वीरधवलनं मान डोलावली. वर्षभरात दोघांचं इतकं पटलं नव्हतं.

"आक्का, तुला सांगलीत काय कमी हाय का?" बाळासो म्हणाला. "वरद हाय, फ्लॅट हाय, लिफ्ट हाय."

"लिफ्ट आहे," पद्मानं कबूल केलं.

"मग?"

मग काय, ते तिला पुरुषांपुढं सांगता येईना. लुगडं आणि पांघरूण असली कारणं सतरंजीवर मांडण्यासारखी नव्हती. तिनं एवढंच सांगितलं, की हत्तीखाना मिळणार नसेल तर ती सही करणार नाही. तिघांची नावं आहेत तशी राहू देत, कुणाचीच भिंत हलायला नको. तिचा आवाज चढला नव्हता.

वीरधवलचा चेहरा बदलला. तात्यांसारखा झाला.

"तात्या असते तर तू असं बोलली नसतीस," तो म्हणाला.

"नसते बोलले. म्हणून आता बोलते."

तेवढ्यात कुतुबुद्दीन आणि आबेदा अंगणातून येताना दिसले. कुतुबुद्दीननं धुतलेली टोपी घातली होती. ओसरीच्या पायरीशी तो थांबला, बसा म्हटल्यावरही बसला नाही. दादासाहेबांना आणि बाळासोला सांगायचं होतं, की पोरानं उंब्रजला घर केलंय, आता आपण तिकडं जावं म्हणतोय. तात्यांचं वर्ष झालं म्हणून आज सांगायला आलो.

दोघा भावांना एकाच वेळी बरं वाटलं आणि लाजही वाटली, आणि त्यातलं काय दाखवावं ते ठरेना. शेवटी वीरधवल म्हणाला, की अरे, तुला कुणी जा म्हटलं का?

"न्हाई," कुतुबुद्दीन म्हणाला. "कुनी न्हाई म्हनलं." फक्कीची पांढरी रेष त्याच्या उंबऱ्यावरून गेली होती आणि त्याच्या एका चपलेला चुना लागला होता. तिकडे त्यानं बघितलंही नाही.

शालन सुपारीचं तबक घेऊन दारात उभी होती. तिनं तबक खाली ठेवलं.

"मला बी न्हाई सांगितलंस?" तिनं आबेदाला विचारलं.

आबेदानं मान खाली घातली. ती म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग मला जाता आलं नसतं. आंब्याची फोड असो, तापातल्या पोराची काळजी असो नाहीतर नवऱ्याबद्दलची तक्रार, तीस वर्षं शालन अंगणातल्या त्याच वाटेनं पागेच्या त्या टोकाला गेली होती. आता ती रडली नाही. नवऱ्याकडे वळली.

"वन्संना हत्तीखाना द्या," ती म्हणाली.

"तू मधी पडू नगं."

"मधी न्हाई पडत. माझं सांगते. तुमी दिसभर रानात. पृथ्वीराज कारखान्यात. सून यील ती नोकरीला जाईल. आबेदा चालली. मी ह्या आवारात कुनासंगं बोलायचं? वन्सं इथं राहिल्या तर मी ऱ्हाते. न्हाईतर मी माझ्या भावाकडं जाते. तिथं माझा बी वाटा हाय. असं मागता येतं ह्ये मला आजच कळलं."

बाळासोनं बायकोकडे बघितलं. मग बहुधा त्यानं मेव्हण्याच्या ओसरीवर बसून हे बोलणं स्वतः करावं लागेल ते डोळ्यांसमोर आणून बघितलं असावं. तो घसा खाकरून म्हणाला, की कडबा काय, दुसरीकडं बी रचता येतो.

वीरधवल एकटा पडला. त्यानं शेवटचं माणूस म्हणून मुलीकडे बघितलं आणि तिला सांगितलं, की ह्या सगळ्यांना जरा समजावून सांग, दगडाशिवाय पागा होत नाही.

वल्लरी सकाळपासून ज्याच्यात्याच्या बाजूनं निरोप पोचवत होती. तिनं बोटांवर खण मोजले. मग म्हणाली, "होते, बाबा. ढासळलेलं टोक सोडून द्यायचं. कुतुबचाचांचे दोन खण धरले तर तेवढ्यात दोन घरं बसतात. एक तुमचं, एक पृथ्वीराजचं. लहान होतील."

"किती लहान?"

"माणसांना पुरतील."

वीरधवल उठला. तांब्या उचलून बाजूला ठेवला, कागदाची घडी करून खिशात घातला आणि चपला शोधू लागला. त्याला पागेत घर मिळालं होतं, त्यासाठीच तो आला होता. पण जाताना तो हरलेल्या माणसासारखा गेला, आणि चहाला थांबला नाही.

वकिलाकडून नवा कागद आला, त्यावर तिघांच्या सह्या झाल्या. कुतुबुद्दीनचं बिऱ्हाड ज्या दिवशी हललं त्या दिवशी पद्मा मुद्दाम सांगलीहून आली. टेम्पोत सामान फारसं नव्हतंच. शालन सकाळपासून स्वयंपाकघराबाहेर आली नव्हती, शेवटी आली आणि आबेदाच्या गळ्यात पडली. पद्माला आबेदा म्हणाली, उंब्रजला ये, एसटी दारातच थांबती, हायवेचा लय आवाज असतो पर सवय हुईल म्हनतोय अजहर. टेम्पो गेल्यावर तिघींतल्या दोघीच अंगणात राहिल्या.

वरदला समजावणं भावांना समजावण्यापेक्षा अवघड गेलं. त्यानं भांडण केलं नाही. अपूर्वा झोपायला गेल्यावर कॉटच्या कडेला बसून त्यानं विचारलं, "आई, आमचं काही चुकलं का?"

"नाही रे," पद्मा म्हणाली. "तुमचं काहीच चुकलं नाही, हीच तर पंचाईत आहे."

त्याला ते समजलं नाही. पण कॉट खाली उतरवायला तोच आला, आणि लिफ्टमध्ये ती मावेना म्हणून त्यानं आणि अनीशनं ती जिन्यानं खाली नेली.

वल्लरीनं काम मन लावून केलं. छप्पर गळतं ते बघितलं, कोपऱ्यात न्हाणी आणि ओटा काढला, झरोक्यांना काचा बसवल्या. एवढ्या उंचीत वर एक माळा सहज होईल, खोली दुप्पट होईल, असं तिनं दोनदा सुचवलं. पद्मा दोन्ही वेळा नको म्हणाली. वर काही नको. भिंतीचा गुळगुळीत झालेला भाग तिनं गिलावा न करता तसाच ठेवून घेतला. राहिलं ते दार. हत्ती जाईल एवढ्या चौकटीला दार करायचं म्हटल्यावर कोरेगावच्या सुतारानं दोनदा माप घेतलं, हे रोज उघडणार कोण म्हणून विचारलं, आणि दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. पद्मा दिवाळीपर्यंत थांबली नाही. कुत्री आत येतील म्हणून बाळासोनं दिवसभर कुरकुर केली आणि संध्याकाळी स्वतःच आडवी लावायला एक फळी आणून ठेवली.

वीरधवल ह्या सगळ्या काळात तिच्याशी बोलला नाही. आपल्या अर्ध्या पागेचं काम बघायला तो आठवड्यातून दोनदा साताऱ्याहून यायचा, अंगणातून जायचा, आणि काही सांगायचं झालं तर वल्लरीला सांगायचा, की आत्याला सांग. आत्यानं तिच्याकडची वाळू आमच्या बाजूला टाकली आहे. आत्याच्या नळाचं पाणी आमच्याकडे येतंय. पद्मा वाळू हलवायची, नळ बंद करायची. लहानपणीही तो चिडला की असाच, आईमार्फत बोलायचा. फक्त तेव्हा तो अबोला जेवणापर्यंत टिकायचा.

श्रावणातल्या एका सकाळी पद्मा कॉटवर पडली होती. आजारी नव्हती. स्वयंपाक शालनकडे होता आणि करायला काही नव्हतं, म्हणून पडली होती, पाय पसरून, वर बघत. दाराच्या मोकळ्या जागेतून येणारा उजेड अडला तेव्हा तिनं मान वळवली.

वीरधवल बाहेर उभा होता. त्याच्या हातात आंब्याच्या रोपाची पिशवी होती, नर्सरीतली, आणि ती कशी धरावी हे त्याला कळत नव्हतं. फळी बाजूला काढलेली होती. दार नव्हतं, कडी नव्हती, साधा पडदासुद्धा नव्हता. हत्ती येईल एवढी वाट मोकळी होती. त्यानं वाजवायला काही मिळतं का म्हणून दोन्ही बाजूंना बघितलं. दगडाशिवाय काही नव्हतं. त्यानं घसा साफ केला.

"पद्मा, आत येऊ का?"

आवरण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. ती उठलीसुद्धा नाही.

"थांब जरा," ती म्हणाली.

वीरधवल थांबला.